कोरड्या रेतीची ओंजळ

गेल्या आठवड्यात माझी एक रात्र एका ओल्या पुस्तकापायी जागून गेली.

पुस्तक शाळेच्या ग्रंथालयाचं. शाल्मलीच्या दप्तरात पाण्याची बाटली गळली आणि ते भिजलं. शाल्मली सात वर्षांची आहे; या वयात बाटल्या गळतातच. पण तिने ते मला दाखवलं नाही. गादीखाली सरकवलं आणि नऊ दिवस त्याच्यावर झोपली. मला कळलं ते वासावरून. मधे पालकसभा झाली, तिथे बाईंनी विचारलं असतं. पण त्या दिवशी मला ताप असल्याचं मी बाईंना कळवलं होतं.

पुस्तकाचं एवढं काही नाही. नवं आणून देता येईल. पण ही लपवायला कुठे शिकली, या विचाराने मी कूस बदलत राहिले. पहिला संशय नवऱ्याच्या घरच्यांवर घेऊन पाहिला. तो टिकेना. त्या घरात सगळे मनात येईल ते जेवताना बोलून टाकतात.

त्यात माझी नोकरी माणसं निवडायची. समोर बसलेल्या प्रत्येकाला मी विचारते, तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. गेल्या चार वर्षांत बहुतेकांनी एकच चूक सांगितली आहे, की मी कामात स्वतःला फार झोकून देतो. मी मान डोलावते, लिहून घेते आणि त्यांना घेते. मग ऑफिसात काही बिघडलं, की ते कुणाच्या हातून बिघडलं हे कधीच कळत नाही. थोडक्यात, मला माणूसही ओळखता येत नाही आणि मूलही.

रविवारी सकाळी शाल्मलीची वेणी घालायला बसले. वेणी घालताना मूल पळून जात नाही, हा माझा आईपणातला एकमेव शोध. तेव्हाच तिला ही गोष्ट सांगितली. अर्धी आधी जुळवली होती, अर्धी कंगव्याबरोबर सुचत गेली.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. तिथे भानाजी नावाचा एक ओतारी राहायचा. ओतारी म्हणजे धातू वितळवून तो साच्यात ओतणारा कारागीर. भानाजी घंटा ओतायचा. त्याच्या घंटेचा नाद दोन डोंगर ओलांडून जायचा, आणि त्याची घंटा कधी तडकत नसे.

लोकांना वाटायचं, याच्या धातूत काहीतरी गुपित आहे. धातू साधाच होता, तांबं आणि कथील. गुपित होतं ते खड्ड्यापाशी.

घंटेचा साचा मातीचा असतो. माती, शेण आणि भाताचा तूस मळून तो थराथराने चढवायचा, वाळवायचा, मग भाजायचा. भाजलेला साचा खड्ड्यात उतरवायचा आणि त्याच्या भोवती कोरडी रेती भरायची. मग वरून उकळता धातू ओतायचा. साच्यात ओल राहिली, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो. भानाजीच्या पणजोबांचा एक डोळा तसाच गेला होता.

त्या दिवसापासून पणजोबांनी एक रीत घातली. साचा खड्ड्यात उतरला, की कारखान्यातल्या सगळ्यांनी खड्ड्याभोवती उभं राहायचं. प्रत्येकाने ओंजळभर कोरडी रेती घ्यायची. या कामात आपल्या हातून काय चुकलं ते मोठ्याने सांगायचं आणि मगच ओंजळ खड्ड्यात सोडायची. पहिली ओंजळ मालकाची. कुणी हसायचं नाही, कुणी रागवायचं नाही. चूक दुरुस्त होण्यासारखी असेल तर काम थांबवून दुरुस्त करायची.

"मी काल कथील तोलताना बोलत होतो," भानाजी म्हणायचा. "पुन्हा तोलून घ्या."

"मला भात्यावर डुलकी लागली होती," भाता चालवणारा रखमाजी म्हणायचा. "मधे आच कमी पडली असेल."

मग रेती पडायची. मग धातू पडायचा. आणि घंटा वाजायची.

पुढे साचा करणाऱ्या म्हाताऱ्या बाबांची नजर गेली. भानाजीला नवा साचेकार हवा झाला. त्याने दवंडी पिटवली. दोघं आली. एक केरोबा, मोठ्या शहरात काम केलेला, पांढराशुभ्र फेटा, मातीतही ज्याची बोटं स्वच्छ राहतात असा माणूस. दुसरी सगुणा, नवऱ्यामागे घरचं काम एकटीने सांभाळलेली कुंभारीण.

भानाजीने दोघांना हातात मावेल एवढ्या घंटेचा साचा करायला सांगितलं.

केरोबाचा साचा संध्याकाळच्या आत तयार झाला. गुळगुळीत, नेमका, बोट ठेवायला जागा नाही. सगुणाचा दुसऱ्या दिवशी झाला. तो पुढे ठेवत ती म्हणाली, "मालक, हिचा टांगायचा कान जरा जाड झालाय. तिसऱ्या थराला माझी माती सैल होती."

भानाजीने कुणाला निवडलं असेल?

"केरोबाला," शाल्मली म्हणाली. "त्याचा चांगला झाला ना."

बरोबर. मीही त्यालाच घेतलं असतं. घेतेच.

सगुणाला त्याने परत पाठवलं नाही. माती मळायला माणूस हवंच होतं, तिथे तिला ठेवून घेतलं.

पहिल्या ओतणीला सगळे खड्ड्याभोवती उभे राहिले. भानाजीने आपली चूक सांगितली, रखमाजीने सांगितली, सगुणाने सांगितली. केरोबाची पाळी आली.

"माझं काही चुकलं नाही," तो म्हणाला, आणि रेती सोडून हात झटकले.

खरंच काही चुकलं नव्हतं. घंटा सुरेख झाली.

दुसऱ्या वेळी रखमाजी नेहमीसारखा म्हणाला, "मला डुलकी लागली होती बरं का."

केरोबा हसला. "आमच्याकडे असल्या माणसाला भात्यापाशी नाही, बाजेवर पाठवतात."

सगळे हसले. रखमाजीही हसला, पण त्याचे कान लाल झाले. आता सगळ्यांनी भानाजीकडे पाहिलं. कुणी हसायचं नाही, ही पणजोबांची रीत होती, आणि ती मोडली होती. भानाजीने एक शब्द बोलायचा होता.

तो बोलला नाही. केरोबासारखा कारागीर पुन्हा मिळायचा नाही, असं त्याच्या मनात आलं. शिवाय विनोद बरा होता.

तिसऱ्या वेळी पहिली ओंजळ उचलताना भानाजी क्षणभर थांबला. त्या खेपेला त्याने तांबं पारखून घेतलं नव्हतं. पण समोर केरोबा उभा होता, हाताची घडी घालून. मालक असून याच्यापुढे कुठे वेंधळेपणा सांगायचा?

"माझं काही नाही," भानाजी म्हणाला.

"माझंही नाही," रखमाजी घाईघाईने म्हणाला.

सगुणाने दोघांकडे पाहिलं. तिची ओंजळ जरा वेळ तशीच राहिली. मग तीही म्हणाली, "नाही."

त्या दिवसापासून खड्ड्यात नुसती रेती पडू लागली. भानाजी गावात सांगायचा, "आता आमच्याकडे चुकाच होत नाहीत." त्याच वर्षी एक घंटा बद्द वाजली. एक टांगताना तडकली. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे कुणाला तरी माहीत होतं, पण त्याने सांगितलं नाही.

मग मोठ्या घंटेचं काम आलं.

डोंगरावर एक घाट होता. थंडीत तिथे इतकं धुकं उतरायचं, की पुढच्या माणसाची पाठ दिसायची नाही. आदल्या थंडीत बाजाराहून परतणारी दोन माणसं वाट चुकून दरीत गेली होती. म्हणून घाटाखालच्या सात गावांनी ठरवलं, की घाटमाथ्यावर मोठी घंटा टांगायची आणि धुकं उतरलं की ती वाजवत राहायची. आवाजाच्या रोखाने माणूस चालत येईल.

"धुकं पडायच्या आत द्या, भानाजी," सात गावचे पाटील म्हणाले. भानाजीने शब्द दिला.

माणसाएवढा उंच साचा उभा राहिला. सगुणाने माती मळली, केरोबाने थर चढवले. दीड महिना गेला. साचा वाळला, भाजून निघाला, निवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओतणी ठरली.

आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. केरोबा एकटा साच्यापाशी होता. त्याने आत वाकून शेवटचा हात फिरवला आणि त्याचं बोट एका जागी अडकलं.

भेग. बोटाएवढी लांब, केसाएवढी बारीक.

उपाय त्याला ठाऊक होता. भेग उकरायची, माती भरायची, दोन दिवस वाळू द्यायची आणि साचा पुन्हा भाजायचा. त्यासाठी फक्त एक करायला लागणार होतं. जेवून आलेल्या माणसांना सांगायला लागणार होतं, की केरोबाच्या साच्याला भेग गेली आहे. रखमाजीला सांगायला लागणार होतं. बाजेवर झोपायला पाठवलेल्या रखमाजीला.

केरोबाने बाहेर पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने बोटभर ओली माती घेतली, भेगेत दाबली. आणखी थोडी घेतली, आजूबाजूला सारवली. निखाऱ्यांची शेगडी आणून आत धरली. वरची माती पांढरी पडली.

आतली नाही. हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"वाळली असेल," तो स्वतःला म्हणाला. मग त्याने हात धुतले.

"आता फुटणार का ते?" शाल्मलीने मान वळवली, आणि घातलेले तीन पेड सुटले.

"मान सरळ."

"पण फुटणार का?"

"सरळ."

सकाळी सात गावची माणसं आली. अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. पाटील बसले, बायका कुंकू आणि नारळ घेऊन उभ्या राहिल्या. भट्टी पहाटेच पेटवली होती. मुशीत तांबं वितळलं होतं, कथील पडलं होतं, रखमाजी भाता हाणत होता. धातू असा तयार झाला की थांबत नाही. वेळेत ओतला नाही तर मुशीतच थिजतो. दीड महिना साठवलेला कोळसा वाया जातो.

साचा खड्ड्यात उतरला. कारखान्यातली माणसं भोवती उभी राहिली, हातात कोरडी रेती घेऊन. पाटलांना ही रीत माहीत नव्हती. ते कौतुकाने बघत होते.

"माझं काही नाही," भानाजी म्हणाला आणि त्याने पहिली ओंजळ सोडली.

"माझं नाही," रखमाजी म्हणाला. तो भात्याकडे धावला.

आता सगुणाची पाळी.

सगुणाने ओंजळ सोडली नाही. तिच्या बोटांतून रेती गळत होती.

"आटप बाई," भानाजी म्हणाला.

"माझं आहे, मालक."

कारखान्यात कितीतरी महिन्यांनी कुणी हे म्हणत होतं. भाता थांबला.

"शेवटच्या थराला तूस कमी पडला होता," सगुणा म्हणाली. "कोठीत नव्हता. मी तशीच माती मळली आणि कुणाला बोलले नाही. तूस कमी असला की माती भेग धरते. साच्याला भेग गेली असेल, तर ती माझ्यामुळे."

"आणि हे आत्ता सांगतेस?" रखमाजी ओरडला. "धातू उकळतोय इथे!"

"हो, आत्ता. मलाही वाटलं, की आपल्याकडे आता सांगत नाहीत. पण सकाळी बाहेर ही माणसं बघितली. त्या दोघांच्या घरचीपण आली आहेत."

बायकांमध्ये मागे एक म्हातारी उभी होती. आदल्या थंडीत दरीत गेलेल्यांपैकी एक तिचा जावई होता.

भानाजीचा चेहरा रागाने लाल झाला. पाटलांच्या देखत! कारखान्यात चुका होत नाहीत असं सगळीकडे सांगून ठेवल्यावर! "सामान उचल आणि चालती हो," हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते.

पलीकडे केरोबा साच्याकडे बघत होता. भेग का गेली ते त्याला आत्ता कळत होतं. चूक त्याची नव्हतीच मुळी. सगुणाची होती. आता नुसतं म्हणायचं होतं, ‘हो, हिच्या मातीमुळे एक भेग होती, ती मी बुजवली आहे.’ सगळे त्याला वर आणखी शाबासकी देतील.

पण मग कुणीतरी विचारेल, कशाने बुजवलीस? कधी? भाजून घेतलीस का?

आणि गप्प राहिला, तर थोड्या वेळात या खड्ड्यावर मूस वाकवायला तिघं उभे राहतील. त्यांत रखमाजी असेल.

"केरोबा," भानाजीने वळून विचारलं, "साच्याला भेग आहे का?"

केरोबाने ओंजळीतली रेती घट्ट धरली. भानाजीने त्याच्याकडे नीट पाहिलं. असा उभा राहिलेला माणूस त्याने आधी पाहिला होता. तिसऱ्या ओतणीच्या वेळी, ओंजळीत रेती घेऊन, तांबं न पारखता. तो माणूस तो स्वतःच होता.

भट्टीतून धातूचा हिरवट जाळ वर आला. तेवढाच वेळ होता.

भानाजी खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसला. त्याने हात खाली घातला आणि आपण सोडलेली रेती पुन्हा ओंजळीत घेतली. सगळी आली नाही, आली तेवढी घेतली. पाटील उठून उभे राहिले.

"माझं आहे," भानाजी मोठ्याने म्हणाला. "भाजलेला साचा मालकाने बोट फिरवून तपासायचा असतो. मी तपासला नाही. काल मी गावात शब्द पाळल्याच्या गोष्टी सांगत हिंडत होतो. तांब्याचंही एकदा असंच केलं होतं. ती घंटा बद्द वाजली ती माझ्यामुळे. आणि एकदा एक माणूस चूक सांगताना सगळे त्याला हसले, तेव्हा मी गप्प बसलो. ती सगळ्यांत मोठी."

भात्यापाशी रखमाजीने मान खाली घातली.

भानाजी उठला नाही. तिथूनच त्याने पुन्हा विचारलं, पण या वेळी वेगळं विचारलं. "केरोबा, तुझं काय आहे?"

केरोबाने हातातल्या रेतीकडे पाहिलं.

"भेग होती," तो म्हणाला. "मी काल ओल्या मातीने बुजवली. आत ओल आहे. ओतू नका."

सगळे धावले. साचा वर ओढला. केरोबाने स्वतः आत हात घालून ती जागा खरवडली. लिंबाएवढा मातीचा गोळा निघाला. वरून पांढरा, आतून काळपट, ओला.

"एवढ्याने काय होतंय?" एक पाटील म्हणाले. "एवढीशी तर ओल. आम्ही इतक्या लांबून आलो."

भानाजीने सगळ्यांना भिंतीआड उभं केलं. तो गोळा अंगणाच्या टोकाला ठेवून त्याच्यावर एक टोपली पालथी घातली, तिला वर भोक पाडलं. रखमाजी लांब दांड्याच्या पळीत धातू घेऊन आला. तोंडाला ओलं फडकं बांधून त्याने पळीतला थोडासा धातू त्या भोकातून आत सोडला आणि मागे उडी घेतली.

फाडकन आवाज झाला. टोपली छपराएवढी उंच उडाली. खाली पडली तेव्हा ती टोपली राहिली नव्हती, जळत्या काड्या होत्या. भिंतीत धातूचे दाणे रुतून बसले होते. एक दाणा रखमाजीच्या फडक्याला भोक पाडून गेला होता, गालापासून दोन बोटांवर.

पाटील पुन्हा लांबून आल्याचं बोलले नाहीत.

मुशीतला धातू थिजला. दीड महिन्याचा कोळसा गेला. साचा पुन्हा वाळवायला, भाजायला बारा दिवस लागणार होते. आणि चौथ्या दिवशी धुकं उतरलं.

"मग कुणी पडलं?" शाल्मलीने विचारलं. तिचा आवाज जरा लहान झाला होता.

नाही. कारण धुकं दिसताच भानाजी थिजलेल्या धातूचा एक पत्रा ठोकून घेऊन घाटमाथ्यावर गेला. घंटा नव्हती, तर पत्रा. तो झाडाला टांगला आणि कारखान्यातल्या माणसांनी पाळी लावून तो बडवला. पहिली पाळी केरोबाने मागून घेतली. त्याचा पांढरा फेटा भिजून डोक्याला चिकटला, बोटांना फोड आले. आठ दिवस धुक्यातून माणसं त्या बेसूर आवाजाच्या रोखाने चालत आली. तिथे पोचल्यावर हसायची, म्हणायची, "काय हो, ही कसली घंटा!"

"बद्द आहे," केरोबा म्हणायचा. "आमची चूक झाली."

पहिल्यांदा म्हणताना त्याला घाम फुटला. चौथ्या दिवशी तो हे म्हणताना हसू लागला.

घंटा झाली तेव्हा केरोबाने आपलं गाठोडं बांधलं. भानाजीने विचारलं, "कुठे निघालास?"

"चुकलेल्या माणसाला कोण ठेवतं?"

"न चुकणाऱ्या माणसाला ठेवून बघितलं की," भानाजी म्हणाला. "त्यात आम्ही सगळे उडणार होतो."

रखमाजी भात्यावरून ओरडला, "राहा रे बाबा. बाज रिकामीच आहे."

केरोबा राहिला. सगुणा पुढे त्याच्याशेजारी बसून साचे करू लागली. तिचे कान जाड व्हायचे, ती तसं सांगायची, आणि हळूहळू व्हायचे थांबले.

त्यानंतरही भानाजीकडे कामाला माणसं येत राहिली. तो त्यांना साचा करायला सांगायचाच. पण त्याआधी त्यांना खड्ड्यापाशी न्यायचा आणि आपली एखादी चूक सांगायचा, अगदी खरी, लाज वाटावी अशी. मग समोरच्याचं तोंड बघायचा. कुणी हसायचं. कुणी म्हणायचं, "मी असतो तर असं झालं नसतं." कुणी कुणी मात्र म्हणायचं, "मालक, माझंही एकदा असंच झालं होतं."

त्यांना तो आत घेऊन जायचा.

तात्पर्य: माणूस निवडताना त्याचा हात किती सफाईचा आहे एवढंच बघू नये, त्याला आपली चूक सांगता येते का तेही बघावं, आणि ती त्याने आपल्याकडे सांगावी असं वाटत असेल, तर पहिली ओंजळ मोठ्यांची असावी.

वेणी झाली होती. रिबिनीचं फूल जरा वाकडं आलं होतं, मी ते दाबून सरळ करत होते. मला वाटलं, आता ही पुस्तकाचं बोलेल. माझा सूर मऊ होता, गोष्ट बरी जमली होती, तात्पर्य तर फारच बरं जमलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत जाऊन बाईंना पुस्तकाचं सांगणार होतो, ते आधीच ठरलं होतं.

शाल्मलीने आरशात माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली,

"आई, उद्या बाईंना आधी कोण सांगणार? मी पुस्तकाचं, की तू त्या खोट्या तापाचं?"